सौदा आधी, भाव नंतर

नागपुरातल्या मिहान आणि गायत्रीनगरच्या आयटी पार्कातून या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत. ज्या वायदा-ऑर्डरींचा भाव सौद्याच्या वेळी नसतोच, तो दिवसअखेरच्या सेटलमेंटला (एक्सचेंज दिवसाचा अधिकृत हिशेबी भाव काढतं तेव्हा) ठरतो, त्या ऑर्डरी ट्रेडिंग सिस्टिममध्ये सांभाळायच्या कशा? इतवारीतल्या एका सराफांचा प्रश्नही फिरून इथंच येतो. म्हणून हे पान या अंकात त्याच विषयाला दिलं आहे. पत्रं थोडक्यात घेतली आहेत.

प्रश्न: न्यूयॉर्कच्या ग्राहकासाठी चाललेल्या ट्रेडिंग सिस्टिमच्या कामावर मी नवीन आहे. क्रूड ऑइलच्या काही ऑर्डरींत भावाच्या रकान्यात ०.०० किंवा उणे ०.०१ दिसतं आणि सौदेही त्याच आकड्याला होतात. डेटा खराब आहे का? (गायत्रीनगर)

उत्तर: डेटा ठीक आहे. त्या टीएएस म्हणजे 'ट्रेड ॲट सेटलमेंट' प्रकारच्या ऑर्डरी आहेत. त्या रकान्यातला आकडा भाव नाही, सेटलमेंट भावापासूनचा फरक आहे. ०.०० म्हणजे आज जो सेटलमेंट भाव निघेल तोच. उणे ०.०१ म्हणजे त्यापेक्षा एक सेंट कमी.

कळमन्याच्या बाजारात कुणी 'उद्या जो भाव निघेल त्याच्या पन्नास रुपये खाली' असं बोलून माल देऊन टाकावा, तसाच हा व्यवहार. माल आणि वजन आज पक्कं, रुपयांचा आकडा उद्या.

न्यूयॉर्कच्या नायमेक्स या एक्सचेंजवर साध्या क्रूड वायद्याचा संकेत सीएल आणि त्याच्या टीएएसचा सीएलटी. दोन्हींची ऑर्डर बुकं (थांबलेल्या ऑर्डरींच्या याद्या) वेगळी चालतात, पण क्लिअरिंग (सौद्यांचा अंतिम हिशेब) झालं की दोन्ही सौदे एकाच सीएल करारात जमा होतात. लॉट (सौद्याचं एकक) १,००० बॅरलचा, टिक (भावातली सर्वांत लहान पायरी) एका सेंटचा. फरक सेटलमेंटच्या वर-खाली १० टिकांपर्यंतच लावता येतो, म्हणजे सीएलटीच्या बुकात उणे १० ते अधिक १० असे एकवीसच 'भाव' संभवतात. सर्वाधिक उलाढालीच्या महिन्याचा सेटलमेंट भाव न्यूयॉर्कच्या दुपारी २:२८ ते २:३० या दोन मिनिटांतल्या साध्या सौद्यांच्या, उलाढालीनुसार भारित सरासरीवरून काढतात. टीएएसचे सौदे त्या सरासरीत धरत नाहीत, धरणार तरी कसे? त्यांना स्वतःचा भावच नसतो.

ज्यांच्या फंडाचं मूल्यांकन सेटलमेंट भावावर होतं किंवा ज्यांचे खरेदी-करार त्या भावाला बांधलेले आहेत, ते या ऑर्डरी वापरतात. दोन मिनिटांत शंभर वेळा बाजारात उतरण्यापेक्षा दिवसभरात निवांत सीएलटीत सौदा करून ठेवणं त्यांना परवडतं.

प्रोग्रामरनं एक गोष्ट पक्की धरावी. ऑर्डर, सौदा आणि भाव या तीन घटना तीन वेगळ्या वेळी घडतात. सौदा झाला पण भाव बाकी, ही या व्यवहाराची रोजची, कायदेशीर अवस्था आहे. तुमच्या डेटाबेसमध्ये तिला स्वतःची जागा हवी. पुढच्या पत्रांतले जवळपास सगळे घोटाळे ही जागा न दिल्यामुळे झालेले आहेत.

प्रश्न: चाचणीत ५,००० लॉटची टीएएस ऑर्डर आमच्या जोखीम तपासणीतून आरपार गेली, कुणी अडवलीच नाही. म्हणून भावाच्या मर्यादा घट्ट केल्या, तर आता एक लॉटही जात नाही. (मिहान)

उत्तर: दोन्ही वेळा तुमच्या तपासणीनं फरकालाच भाव मानलं. पहिल्यांदा तिनं ऑर्डरची रक्कम काढली ती ५,००० गुणिले १,००० गुणिले शून्य, म्हणजे शून्य डॉलर. शून्य रकमेची ऑर्डर कोणत्याही मर्यादेत बसते. क्रूड ७२ डॉलरला असेल तर खरी रक्कम ३६ कोटी डॉलर होती. दुसऱ्यांदा तपासणीनं पाहिलं की चालू भाव ७२ आणि ऑर्डर शून्याला, म्हणजे शंभर टक्के दूर, म्हणून नाकारली. मर्यादा सैल-घट्ट करून हे सुटणार नाही, तपासणीच वेगळी लागेल.

टीएएस ऑर्डरच्या फरकाची तपासणी टिकांत करा: पूर्णांक आहे का, आणि उणे १० ते अधिक १० मध्ये आहे का. एवढंच. कुणी घाईत टीएएसच्या तिकिटात ७२.१५ टाकलं तर ते इथेच अडेल. एक्सचेंज नाकारेलच, पण त्यावर विसंबून राहू नये. कारण तोवर तुमच्या आतल्या खात्यांत त्या ऑर्डरचे पैसे अडकवून झालेले असतात.

रकमेची तपासणी साध्या सीएलच्या ताज्या भावात फरक मिळवून करा, आणि वर एक गादी ठेवा. सकाळी टाकलेल्या ऑर्डरचा भाव दुपारी ठरणार असतो आणि मधल्या काळात क्रूड दोन-तीन डॉलर सहज हलतं. साध्या सीएलचा भाव मिळत नसेल, फीड बंद असेल, तर ऑर्डर रोखा. 'भाव नाही म्हणून शून्य धरू' हा पर्याय कोडमध्ये कुठेही शिल्लक ठेवू नका.

पोझिशनची (हाती उघड्या असलेल्या एकूण लॉटची) मर्यादा सीएल आणि सीएलटी मिळून एकच ठेवा. बऱ्याच सिस्टिम संकेतागणिक मर्यादा लावतात. मग एखाद्याची सीएलची मर्यादा ५०० आणि सीएलटीची ५०० अशी दुप्पट होते, आणि क्लिअरिंगला ती एकाच करारात हजार होऊन बसते.

प्रश्न: १० लॉट टीएएसमध्ये अधिक ०.०२ ला घेतले. सेटलमेंट होईपर्यंत पडद्यावर ७,२१,३०० डॉलर नफा दिसत होता. तो नंतर आपोआप नाहीसा झाला, त्यामुळे वरिष्ठ म्हणतात की सोडून द्या. सोडावं का? (मिहान)

उत्तर: सोडू नका. ७२.१५ या चालू भावातून ०.०२ वजा केले, १०,००० बॅरलनं गुणले, की ७,२१,३०० येतात. म्हणजे तुमच्या सिस्टिमनं तेल दोन सेंटला विकत घेतलं. त्या खोट्या नफ्यावर कुणाची मार्जिन (अनामत) सुटली, कुणाला जास्त सौदे करायची मुभा मिळाली, की प्रकरण पडद्यापुरतं राहत नाही.

सौद्याच्या नोंदीत हे रकाने वेगळे ठेवा: फरक (टिकांत, पूर्णांक), सेटलमेंट भाव, तो तात्पुरता की अंतिम, आणि अंतिम सौदा भाव. शेवटचे तीन सुरुवातीला रिकामे. रिकामे म्हणजे नल, शून्य नव्हे. इथे पायथन आणि जावास्क्रिप्टवाल्यांचा पाय हमखास अडकतो. 'जर फरक असेल तर' अशी अट लिहिली की फरक शून्य असलेला सौदा, म्हणजे टीएएसमधला अगदी नेहमीचा सौदा, अटीतून गळतो. अट 'फरक नल नसेल तर' अशी लिहावी. फिक्स (ऑर्डरी आणि सौदे कळवण्याची प्रमाणित पद्धत) संदेशातही तेच. टॅग ४४ (भावाचा रकाना) नसणं वेगळं आणि टॅग ४४ मध्ये शून्य असणं वेगळं.

भाव ठरेपर्यंत अंदाजी नफा-तोटा दाखवायचाच असेल तर चालू सीएल भाव अधिक फरक हा सौद्याचा अंदाजी भाव धरा आणि आकडा वेगळ्या रंगात दाखवा. गंमत अशी की त्या दिवसाचा टीएएस सौद्याचा एमटीएम (दिवसअखेर सेटलमेंट भावानं काढलेला नफा-तोटा) अंदाजाची गोष्टच नाही. सेटलमेंट काहीही निघो, तुम्ही घेतलं सेटलमेंट अधिक ०.०२ ला आणि मूल्यांकन सेटलमेंटला. तोटा ०.०२ गुणिले १०,००० म्हणजे २०० डॉलर, ना कमी ना जास्त. ही ओळ चाचणीत घालून ठेवा: दिवसअखेर टीएएस सौद्यांचा एमटीएम हा फरकांच्या बेरजेइतकाच आला पाहिजे. एका सेंटनंही चुकला तर कुठेतरी भाव चुकीचा लागला आहे.

तुकड्यांत झालेल्या सौद्यांना सरासरी फरक लावू नका. १० लॉटपैकी ४ शून्याला आणि ६ अधिक ०.०१ ला झाले तर सरासरी ०.००६ येते, आणि कुणीतरी ती टिकाला पूर्ण करून ०.०१ करतं. ४० डॉलर गेले. प्रत्येक तुकड्याला स्वतःचा भाव लावा (चार ७२.१५ ला, सहा ७२.१६ ला) आणि सरासरी फक्त अहवालात छापा.

प्रश्न: आमच्याकडे विचित्र दुखणं आहे. सोमवारचे सगळे टीएएस सौदे 'भाव बाकी' म्हणून अडकतात. मंगळवार ते शुक्रवार भाव लागतात पण चुकीचे. हिवाळ्यात मात्र रोजचे काही सौदे अचूक निघतात. सर्व्हर नागपुरात आहे. (हिंगणा मार्ग)

उत्तर: शेवटचं वाक्य लिहिलंत ते बरं केलं, कारण रोग त्यातच आहे. तुमचा कोड सौदा आणि सेटलमेंट भाव यांची गाठ भारतीय तारखेवर घालतो.

न्यूयॉर्कची दुपारची २:३० म्हणजे तिथल्या उन्हाळी वेळेत आपल्याकडे बरोबर रात्रीचे १२. हिवाळी वेळेत रात्रीचा १. सेटलमेंट भाव त्यानंतर येतो, म्हणजे दोन्ही ऋतूंत तो भारतीय कॅलेंडरच्या दुसऱ्या दिवशी येतो. १४ तारखेचा भाव तुमच्या डेटाबेसमध्ये १५ तारखेच्या खणात पडतो. १४ च्या सौद्यांवर मात्र १४ ची तारीख असते, कारण ते आपल्या मध्यरात्रीच्या आत झालेले. मग १४ च्या सौद्यांना १४ च्या खणात काय सापडतं? १३ तारखेचा सेटलमेंट भाव, जो १४ च्या मध्यरात्रीनंतर आला होता. कालचा भाव आजच्या सौद्याला लागतो, कुठेही त्रुटीचा संदेश येत नाही.

सोमवारी अडकण्याचं कारणही हेच. शुक्रवारचा भाव आपल्याकडे शनिवारी येतो, त्यामुळे सोमवारचा खण रिकामा. आणि हिवाळ्यात रात्री १२ ते १ च्या दरम्यान झालेले सौदे दुसऱ्या दिवसाच्या तारखेचे असतात, सेटलमेंटही त्याच तारखेची, म्हणून तेवढेच योगायोगानं बरोबर निघतात. खरं तर तुमचे सोमवार अडकले म्हणून दुखणं लक्षात तरी आलं.

उपाय: तारीख स्वतः काढू नका, एक्सचेंज पाठवतं ती घ्या. फिक्समध्ये टॅग ७५ सौद्याची तारीख देतो, टॅग ७१५ क्लिअरिंगचा व्यवहारदिन. गाठ ७१५ वर घाला. सगळ्या वेळा यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) साठवा आणि भारतीय वेळ फक्त पडद्यावर दाखवताना काढा. रात्रीची कामं घड्याळाच्या ठरावीक वेळेला लावली असतील तर तीही बदला. 'रात्री १२:१५ ला भाव लाव' असं लिहिलेलं काम नोव्हेंबरात पाऊण तास आधी धावतं. ते सेटलमेंट भावाचा अंतिम संदेश आल्यावर सुटायला हवं, आणि ठरलेल्या वेळेपर्यंत संदेश आला नाही तर माणसाला उठवायला हवं.

अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे नेते, ब्रिटन शेवटच्या रविवारी. परतताना ब्रिटन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. ब्रेंट या लंडनच्या क्रूड वायद्याचंही काम असेल तर या मधल्या आठवड्यांचं वेळापत्रक दरवर्षी एक्सचेंजच्या परिपत्रकातून घ्यावं.

मागचे चुकलेले सौदे दुरुस्त करताना नोंदी पुसून नवा भाव लिहू नका. जुनी नोंद उलटवा आणि नवी टाका. ग्राहकाच्या लेखापरीक्षकाला दोन्ही दिसल्या पाहिजेत.

प्रश्न: टीएएस ऑर्डरला स्टॉपलॉस (ठरावीक तोट्याला आपोआप बाहेर काढणारी ऑर्डर) लावता येतो का? (धरमपेठ)

उत्तर: लावून काही साधत नाही. क्रूड पाच डॉलरनं पडलं तरी सीएलटीचं बुक शून्याच्या आसपासच हलत राहतं. संरक्षण हवं तर साध्या सीएल करारात ठेवा.

प्रश्न: भाव उणे जाण्याची चाचणी करायलाच हवी का? असं पुन्हा कितीदा होणार? (बेसा)

उत्तर: करायला हवी, आणि फरक उणे असतो तेवढ्यावर ती झाली असं समजू नये. २० एप्रिल २०२० ला मे महिन्याच्या क्रूड वायद्याचा सेटलमेंट भाव उणे ३७.६३ डॉलर निघाला. उणे भाव आमच्या सिस्टिममध्ये चालतील, असं नायमेक्स चालवणाऱ्या सीएमईनं त्या महिन्यात आधीच कळवलं होतं. तरी कित्येक ब्रोकरांच्या सिस्टिम तयार नव्हत्या.

आपल्याकडे त्याची झळ एमसीएक्स या कमोडिटी एक्सचेंजवर बसली. लॉकडाऊनमुळे तेव्हा एमसीएक्सचे व्यवहार संध्याकाळी ५ लाच थांबत. एप्रिलच्या क्रूड करारात शेवटचा सौदा ९६५ रुपयांना झाला, करार त्याच दिवशी संपणार होता आणि त्याचा अंतिम भाव न्यूयॉर्कच्या सेटलमेंटला बांधलेला. आधी १ रुपया असा तात्पुरता भाव जाहीर झाला, नंतर उणे २,८८४ रुपये हा अंतिम. लॉट १०० बॅरलचा. ९६५ ला खरेदी धरून बसलेल्याला एका लॉटमागे ३,८४,९०० रुपये भरावे लागले. बाजार बंद, त्यामुळे बाहेर पडायला दारच नव्हतं.

सिस्टिमच्या दृष्टीनं यात दोन धडे आहेत आणि दुसरा जास्त दुर्लक्षित. पहिला उणे आकड्याचा. चाचणीत उणे ३७.६३ हा सेटलमेंट भाव सोडा आणि तो शेवटच्या बिलापर्यंत कसा जातो ते पाहा. अडतो तो बहुधा अशा ठिकाणी: भाव बिनचिन्ही पूर्णांकात साठवलेला, 'भाव शून्यापेक्षा मोठा' ही जुनी तपासणी, टक्केवारीतला बदल काढताना किंवा भावाचा लॉगॅरिदम घेताना, मार्जिन भावाच्या टक्क्यांत धरलेली, जी उणे भावाला उणे येते आणि ग्राहकाला पैसे परत देऊ लागते. भाव दशांशात ठेवायचा तर डेसिमल प्रकार वापरा नाहीतर टिकांचा पूर्णांक. तरंगत्या दशांशात ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येत नाही, हे नव्यानं सांगायला नको.

दुसरा धडा आवृत्तीचा. १ रुपया आला, भाव लागला, बिलं निघाली, मग उणे २,८८४ आला. सेटलमेंट भाव बदलू शकतो हे गृहीत धरूनच बांधणी करावी. फिक्समध्ये टॅग ७३० सेटलमेंट भाव देतो आणि ७३१ त्याचा प्रकार. प्रत्येक भावाला आवृत्ती क्रमांक द्या. भाव लावणारं काम एकाच आवृत्तीवर दोनदा धावलं तर दुसऱ्यांदा काहीच घडू नये, आणि नव्या आवृत्तीवर धावलं तर जुनी नोंद उलटून नवी पडावी. सौद्याची ओळख अधिक आवृत्ती ही जोडी अनन्य ठेवली की हे आपसूक होतं.

प्रश्न: सेटलमेंटच्या खिडकीत (भाव ठरतो त्या दोन मिनिटांत) लाइन तुटली. २० लॉटची ऑर्डर गेली की नाही कळेना, म्हणून पुन्हा टाकली. ४० झाले. चूक कुणाची? (सोमलवाडा)

उत्तर: प्रणालीची. ट्रेडरच्या हाती 'पुन्हा टाका' हे बटण त्या क्षणी असायलाच नको होतं.

लाइन तुटली की उघड्या ऑर्डरींची अवस्था 'अज्ञात' करा आणि त्या खात्यावर त्याच करारात नवी ऑर्डर रोखा. जोडणी परत आल्यावर आधी संदेशांचे क्रमांक जुळवा. टॅग ३४ मधला क्रम तुटला असेल तर ३५=२ हा पुनर्प्रेषणाचा संदेश जातो, आणि जुने संदेश ४३=वाय अशी खूण घेऊन परत येतात. त्यानंतरही ज्या ऑर्डरीचा पत्ता लागत नाही तिची ३५=एच नं स्थिती विचारा. हे सगळं सेकंदांत होतं. दोन मिनिटांच्या खिडकीत सेकंद महाग असतात हे खरं, पण २० लॉट राहून गेले तर ते नंतर साध्या करारात घेता येतात. ४० झालेले विकायला तुम्हाला सेटलमेंट भाव कुणी देणार नाही.

परत आलेल्या सौद्यांची दुहेरी नोंद टाळायला टॅग १७ मधला सौदा-संदेश क्रमांक वापरा, पण एकटा नाही. तो सगळीकडे कायमचा अनन्य असेलच असं नाही. व्यवहारदिन आणि खातं जोडून किल्ली बनवा.

लाइन तुटताच ऑर्डरी आपोआप रद्द करण्याची सोय बऱ्याच एक्सचेंजवर असते. ती तुमच्या सत्रावर चालू आहे की बंद, हे लेखी माहीत असू द्या. चालू असली तरी रद्द होण्याआधी सौदा होऊन गेलेला असू शकतो. तुम्ही स्वतः रद्द करायला गेलात आणि ३५=९ सोबत १०२=० आलं, तर त्याचा अर्थ 'उशीर झाला'. तो संदेश त्रुटी म्हणून लॉगमध्ये गाडला जातो आणि पडद्यावर ऑर्डर 'रद्द' दिसत राहते, असं पुष्कळ ठिकाणी आढळतं.

प्रश्न: मी एमसीएक्सवर गोल्ड मिनी या सोन्याच्या वायद्यात हेज (भाव हलण्यापासून बचाव) करतो. १,२०,१०० ला घेतलं, रात्री पडद्यावर शेवटचा सौदा १,२०,५२० चा होता. तरी खात्यात लॉटमागे ४,२०० ऐवजी २,३०० रुपयेच जमा. ब्रोकर सांगतो की बरोबर आहे. आणि सेटलमेंटच्या भावालाच माल घ्यायचा असेल तर काय करावं? (इतवारी, सराफा)

उत्तर: ब्रोकरचं बरोबर आहे. रोजचा एमटीएम शेवटच्या सौद्यावर लागत नाही, त्या दिवसाच्या सेटलमेंट भावावर लागतो, आणि तो शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी असतो. तुमच्या आकड्यांवरून तो त्या दिवशी १,२०,३३० निघाला. भाव १० ग्रॅमचा, लॉट १०० ग्रॅमचा, म्हणून २३० गुणिले १०. उरलेले १,९०० बुडालेले नाहीत. दुसऱ्या दिवशीचा हिशेब १,२०,३३० पासून सुरू होतो.

सेटलमेंटच्या भावाजवळ माल घ्यायचा तर सराफाला हाताशी असलेला मार्ग म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासात ऑर्डरचे तुकडे करणं. ३० लॉट असतील तर मिनिटाला एक. मात्र यातून वेळेची सरासरी मिळते, उलाढालीची नाही. हिशेबापुरते आकडे घ्या: पहिल्या दहा मिनिटांत १,२०,००० ला ३०० लॉट, मधल्या दहात १,२०,३०० ला १००, शेवटच्या दहात १,२०,५०० ला ६००. भारित सरासरी १,२०,३३०. तुमची सरासरी १,२०,२६७ च्या आसपास. फरक १० ग्रॅममागे सुमारे ६३ रुपये, ३० लॉटना १९,००० रुपये. या उदाहरणात तो तुमच्या बाजूनं पडला, विकणारे असता तर अंगावर आला असता. हेजवाल्यानं त्याला नफा न म्हणता चूक म्हणावं. कमी करायची तर शेवटच्या दहा मिनिटांना जास्त तुकडे ठेवा, कारण उलाढाल सहसा तिथे दाटते. आणि लिमिट टाकून न लागलेले तुकडे शेवटच्या मिनिटात मार्केट ऑर्डरनं एकदम भरू नका. त्या एका ऑर्डरनं वाचवलेलं सगळं जाऊ शकतं.

एमसीएक्स अमेरिकी उन्हाळी वेळेत ११:३० ला आणि हिवाळ्यात ११:५५ ला बंद होतं, तेव्हा तुमचा अर्धा तासही सरकतो. न्यूयॉर्कच्या सोन्याची सेटलमेंट-मिनिटं वेगळी. तिथल्या दुपारी १:२९ ते १:३०, म्हणजे आपल्या उन्हाळी हिशेबानं रात्री ११ च्या ठोक्याला. दोन्ही भाव जुळतील अशी अपेक्षा ठेवू नये.

प्रश्न: टीएएसमध्ये घेऊन ठेवायचं आणि खिडकीच्या दोन मिनिटांत साध्या करारात विकायचं, यात गैर काय? दोन्ही सौदे खुल्या बाजारातच होतात. (सीताबर्डी, ब्रोकर कार्यालय)

उत्तर: विकणं गैर नाही. विकून सेटलमेंट भाव पाडणं आणि त्याच पाडलेल्या भावाला आधी घेतलेला माल स्वस्तात पदरात पाडून घेणं, हे गैर आहे. मार्च २००७ मधल्या अशाच सौद्यांवरून अमेरिकेच्या सीएफटीसी या वायदे-नियामकानं २००८ मध्ये एका डच मुळाच्या ट्रेडिंग कंपनीवर खटला भरला. आरोप क्रूड, हीटिंग ऑइल आणि पेट्रोलच्या टीएएस पोझिशनचा होता. २०१२ मध्ये १.४ कोटी डॉलर भरून तो मिटला. आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये सेबीनं एका परदेशी ट्रेडिंग गटाविरुद्ध काढलेल्या अंतरिम आदेशातही बंद भावावर दबाव टाकल्याचा आरोप आहे, आणि ४,८४३.५७ कोटी रुपये अडकवून ठेवण्याचा हुकूम त्यातलाच. गटानं आरोप नाकारले आहेत.

सिस्टिममध्ये यासाठी एक साधा अहवाल रोज निघावा. प्रत्येक खात्याची खिडकी सुरू होतानाची टीएएस पोझिशन, खिडकीतले साधे सौदे, त्या दोन मिनिटांच्या एकूण उलाढालीत त्या खात्याचा वाटा, आणि सौद्यांची दिशा पोझिशनच्या उलट आहे का. वाटा मोठा आणि दिशा उलट असेल तर त्याच दिवशी ट्रेडरला लेखी कारण विचारा. उत्तर समाधानकारक असेलही. रिफायनरीच्या हेजचा उरलेला तुकडा उलगडणारा माणूस बाहेरून असाच दिसतो. पण त्याचं कारण त्या दिवशीच्या नोंदीत हवं, वर्षानं नोटीस आल्यावर लिहिलेलं चालत नाही.

प्रश्न: टीएएसमध्ये दोन महिन्यांचा स्प्रेड (एक महिना घ्यायचा, दुसरा विकायचा) केला तर फरक कोणत्या पायाला, म्हणजे दोनपैकी कोणत्या महिन्याला लावायचा? (प्रतापनगर)

उत्तर: मनानं लावू नका. एक्सचेंजच्या नियमपुस्तिकेत त्या उत्पादनापुढे लिहिलेलं असतं की कोणता पाय थेट सेटलमेंटला आणि कोणता फरकासह. फरक उणे असताना नियम उलटतो का, तेही तिथेच पाहा. नियम कोडमध्ये पक्का न कोरता उत्पादनाच्या तक्त्यात ठेवा. पहिले आठ दिवस दोन्ही पायांचे भाव क्लिअरिंगच्या फाइलशी ओळीनं ताडून पाहा. दोन्हींची वजाबाकी बरोबर आली म्हणजे पाय बरोबर लागले असं होत नाही. फरक चुकीच्या पायाला लागला तरी वजाबाकी तीच येते, आणि घोळ उघडतो तो जवळचा महिना आधी संपतो तेव्हा.